डावीकडे सरकलेला काटा

नवीन जालन्यात, स्टेशनच्या थोडं अलीकडे माझं गॅरेज होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथं मोबाईलचं दुकान आहे आणि मी घरी बसून नातवंडांच्या सायकली नीट करतो. एवढी वर्षं हात काळे केले, त्यातलं काहीतरी लिहा, असं या अंकाच्या मंडळींनी सांगितलं. मी म्हटलं, लिहू की, गिऱ्हाइकांचे किस्से काय कमी आहेत. पण वही घेऊन बसलो की एकच गाडी डोळ्यांपुढे येते. केदारखेड्यात भर दुपारी उभी असलेली, आत कुणी नसलेली आणि चालू. बाकीचे किस्से तिच्यापुढे टिकत नाहीत, म्हणून तिचंच सांगतो.

बाजारात मला ‘काट्याचा मिस्त्री’ म्हणायचे. दुसरे मिस्त्री इंजिनाला कान लावायचे, मी काटा लावायचो. आपल्याकडे लोखंडाच्या भट्ट्या आहेत, तिथं ट्रकच्या ट्रक भंगार येतं, बाहेरदेशचंही येतं. त्या भंगारात एक दिवस मला गोल काचेचा काटा सापडला. मधोमध शून्य, डावीकडे लाल आकडे, उजवीकडे पांढरे. तो कशालाच जोडलेला नव्हता, तरी काटा शून्यावर नव्हता. पार डावीकडे टोकाला जाऊन बसलेला होता. भंगारवाले चाचा म्हणाले, “मिस्त्री, इसको मत लेव. जिस गाडी का है, उसमें का आदमी बचा नहीं दिखता.” मी काचेवर टिचकी मारली तसा काटा थरथरत शून्यावर आला. मी हसलो आणि तो खिशात टाकला. मला हसायची फार खोड होती.

हा काटा काय सांगतो ते सोप्यात सांगतो. रिकामी बाटली तोंडाला लावून आतली हवा ओढा, बाटली ओठाला चिकटते. ती ओढ म्हणजे व्हॅक्यूम, ती डावीकडे दिसते, इंचात मोजतात. आणि टायरात आपण हवा भरतो, तो दाब म्हणजे बूस्ट, तो उजवीकडे दिसतो, पौंडात. पेट्रोल गाडीच्या गळ्यात एक झडप असते. गाडी उभी असली की झडप बंद आणि आत इंजिन हवा ओढत असतं, म्हणून काटा डावीकडे अठरा-वीस इंचांवर शांत उभा राहतो. तो ठरावीक ठेक्यात उडाला तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. रेस धरून ठेवली आणि काटा हळूहळू खाली आला तर सायलेन्सर तुंबला. इंजिन न खोलता एवढं कळायचं, त्यामुळे माझा रुबाब वाढला. बियाण्याच्या कंपनीतले एक साहेब होते, त्यांच्या पेट्रोल गाडीला मी असा दुसरा काटा बसवून दिला. ते रोज सकाळी फोन करायचे, “मिस्त्री, आज साडेसतराच दाखवतोय. ऑफिसला जाऊ का रिक्षानं जाऊ?” शेवटी मीच तो काढून घेतला, साहेबांना झोप लागेना.

मग टर्बोच्या डिझेल गाड्या आल्या. टर्बो म्हणजे एका दांडीवरचे दोन पंखे. इंजिनातून निघणारा धूर एक पंखा फिरवतो, त्याच्या जोरावर दुसरा फिरतो आणि हवा दाबून इंजिनात कोंबतो. दांडी तेलावर तरंगते, तेल बाहेर येऊ नये म्हणून दोन्हीकडे सील. डिझेलच्या गळ्यात ती पेट्रोलसारखी झडप नव्हती. म्हणून उभ्या गाडीत काटा शून्यावर, चढाला लागली की उजवीकडे दहा-बारा पौंड. मी सगळ्यांना सांगायचो, डिझेलचा काटा डावीकडे जात नसतो. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते तपासून बघावं असं मला कधी वाटलंच नाही.

नामदेव केदारखेड्याचा. आजोबांपर्यंत मेंढरं होती घरात, वडिलांनी शेती केली, वडील गेल्यावर यानं टर्बोची जीप घेतली आणि भोकरदन-जालना सीटा भरायला लागला. गडी सरळ. त्याला कुठून तरी माझ्या काट्याचं कळलं. म्हणाला, “मिस्त्री, मला बी बसवा. गाडी आजारी पडायच्या आधी कळलं पायजे.” मी तो भंगारातला काटा त्याच्या गाडीला लावला. टर्बोच्या पुढच्या पाइपातून बारीक नळी काढली आणि काटा स्टेअरिंगच्या बाजूला बसवला.

गाडीच्या पूजेला त्यानं मला घरी नेलं. त्याची आई गयाबाई, घरात खंडोबा, कपाळभर भंडारा. आरती झाली आणि म्हातारीनं विचारलं, “मिस्त्री, हिचं तोंड कुठं?”

मला सांगायची हौस. बॉनेट उघडून म्हणालो, “तोंडाचं सोडा, हे बघा हिचं नाक.” एअर फिल्टरच्या डब्याचा जो पाइप पुढं येतो, तो दाखवला. “हिथून ती श्वास घेती. हे चालू, तर गाडी चालू.”

म्हातारीनं हात जोडले आणि त्या नाकाला चिमूटभर भंडारा लावला. मला ते फार आवडलं. माझ्या कामाची कुणी इतकी कदर केली नव्हती.

त्याच उन्हाळ्यात नामदेवचं लग्न झालं. मुलगी अंकुशनगरकडची, सुभद्रा नाव. तिच्या वडलांकडे अजून मेंढरं होती, ऊस निघाला की मोकळ्या रानात कळप बसवायचे. केदारखेड्याहून तिच्या माहेराला जायचं तर वाट जालन्यावरूनच. पाऊस संपता संपता नामदेव तिला घेऊन चालला होता, तेव्हा गॅरेजला थांबला. म्हणाला, गाडी पहिल्यासारखी ओढत नाही, चढाला काटा सात-आठच्या वर जात नाही, ऑइलही कमी होतंय. मी डिझेल जास्त यावं म्हणून पंप थोडा चढवून दिला. तेवढ्यात पुढच्या सीटवर बसलेली सुभद्रा, पदर सावरून, माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, “त्यांना ते बी सांगा ना. गाडी उभी असली का काटा डाव्या अंगाला सरकतो.”

मी खिडकीतून वाकून बघितलं. इंजिन चालू, गाडी उभी. काटा शून्याच्या केसभर डावीकडे होता. मी सवयीनं टिचकी मारली, तो थरथरला आणि शून्याजवळ आला. “सुनबाई, भंगारातला काटा हाय, अडकतो कधी कधी. डिझेलचा काटा डावीकडं जात नसतो.”

ती अजून काट्याकडेच बघत होती. तो हळूहळू परत डावीकडे गेला. ती म्हणाली, “गुदमरून राह्यली ती. मेंढरू असंच करतं. पोट आत आत वढतं, मंग एकदम उधळतं, अन् मंग पडतं.”

नामदेव हसला, मीही हसलो. गाडी अंबड रोडनं गेली. खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता. पण समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, मी कामाला लागलो.

पुढे चंपाषष्ठीला नामदेवच्या घरी मला भरीत-रोडग्याचं जेवण होतं. मी मागच्या अंगणात हात धूत होतो. समोर गाडीची पूजा चाललेली, बॉनेट उघडं, अर्धी गल्ली गोळा झालेली. गाडी चालू केल्याचा आवाज आला, लोकांनी येळकोट केला. मग गाडीचा आवाज वाढला. मला वाटलं, नामदेव खुशीत रेस देतोय. आवाज आणखी वाढला. मी ओरडलो, “नाम्या, पाय काढ.”

मी पुढे आलो तर नामदेव गाडीत नव्हता. दारात उभा होता. हात पुढे करून मला दाखवत होता. “मिस्त्री, चावी माझ्या हातात हाय.”

गाडीत कुणी नव्हतं. चावी बाहेर होती. इंजिन किंचाळत होतं आणि आवाज चढतच होता. मागून पांढरा-निळा धूर इतका निघाला की समोरचं घर दिसेना, ऊन पिवळट पडलं. मी काचेतून आत बघितलं. काटा उजवीकडे सरकत होता, आठ, दहा, बारा, मग आकडे संपले तिथं टेकला. ॲक्सिलेटरवर पाय नाही आणि काटा शेवटाला. माझ्या सगळ्या आयुष्यात मी काट्याचं तसं बघितलं नव्हतं.

काय झालंय ते मला कळलं होतं. टर्बोचं सील फुटतं, इंजिन स्वतःचंच ऑइल हवेबरोबर ओढून जाळायला लागतं. मग चावी काढा, डिझेल तोडा, त्याला तुमची गरज उरत नाही. ऑइल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत ते धावतं. फुटलं तर लोखंड बॉनेटमधून बाहेर येतं. थांबवायचं एकच, नाक बंद करायचं. हे मला सगळं येत होतं आणि माझे पाय जागचे हलले नाहीत. पंचवीस वर्षं गाड्या खोललेला मिस्त्री ओल्या हातानं भिंतीला टेकून उभा राहिला होता.

धुरातून सुभद्रा आली. तिच्या हातात सासऱ्याची घोंगडी होती, देवापाशी घडी करून ठेवलेली. तिनं ती त्या नाकावर दाबली आणि वर अंग टाकलं. घोंगडी तिच्या हाताखालून आत ओढली जात होती, ती आणखी दाबत होती. इंजिन ठसकलं, गाडी सगळी हादरली, आतून घरघर आली आणि बंद पडलं.

मग असं शांत झालं की कुणाचं पोर रडत होतं तेही क्षणभर उशिरा ऐकू आलं.

गयाबाई पुढे आली. तिच्या मुठीत अजून भंडारा होता. ती म्हणाली, “मारली. तोंड दाबून मारली गं तू हिला.”

गल्लीतल्या कुणीतरी म्हटलं, हिनं तर आधीच सांगितलं होतं, उधळंल अन् पडंल म्हणून. नामदेवनंच कौतुकानं चार जणांना ते सांगितलं होतं. आता ते कौतुक राहिलं नाही. लोक तिच्याकडे बघत मागे सरकले. तिच्या दोन्ही हातांचे तळवे भाजले होते आणि ती गाडीकडे बघत उभी होती. मी म्हणालो, “अहो, थांबा, बघू आधी.” एवढंच म्हणालो. तिनं तुमची माणसं वाचवली, असं मोठ्यानं सांगायला हवं होतं. मी माझी भीती लपवण्यात गुंतलो होतो. दुसऱ्याच दिवशी तिला माहेरी पोचवलं, चार दिवसांसाठी म्हणून.

गाडी ट्रॅक्टरला बांधून गॅरेजला आणली होती. दुसऱ्या दिवशी एअर फिल्टरचा डबा उघडला. आतला कागद काळा किंवा मातकट असायला हवा. तो पिवळाजर्द होता. घडीघडीत हळद आणि धूळ मिळून लिंपल्यासारखी बसली होती, बोटानं खरवडली तरी निघेना. डब्यातून हळदीचा आणि जळक्या ऑइलचा वास एकदम आला.

म्हातारीनं भंडारा नाकाला फक्त लावला नव्हता. दर रविवारी मूठभर आत टाकत असणार. श्वासाबरोबर देवाचं आत जावं म्हणून. ती जागा मीच दाखवली होती. फिल्टर तुंबला, इंजिन जोरानं ओढायला लागलं आणि त्या ओढीनं सीलातून ऑइल खेचून घेतलं. मी दुसऱ्या एका टर्बो गाडीला तोच काटा जोडला, उभ्या गाडीत तिच्या नाकावर तळहात धरला. काटा केसभर डावीकडे गेला. काटा अडकत नव्हता. तो बराबर सांगत होता आणि त्या पोरीनं बराबर वाचलं होतं.

हे मला त्या दिवशी कळलं. आता पुढचं लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. मी ते कुणाला सांगितलं नाही. औरंगाबादहून टर्बो यायला महिना गेला. नामदेव गाडी न्यायला आला तेव्हा विचारलं, “मिस्त्री, काय झाल्तं?”

“सील गेल्तं.”

“कशानं?”

“जातं कधी कधी.”

तो म्हणाला, “आई म्हणती, सुभद्राची नजर. गावात बी तेच बोलून राह्यले. घरात घ्यायला तयार न्हाई कोणी.” मी हात पुसत राहिलो. माझं नाव काट्याचा मिस्त्री होतं. एका मेंढपाळाच्या पोरीनं वाचलेलं मला वाचता आलं नाही, हे बाजारात गेलं असतं. म्हातारीला वाईट वाटेल, असं मी मनाला सांगितलं. पण म्हातारीचं मला काही पडलेलं नव्हतं. फिल्टर मात्र फेकवला नाही. पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

आणखी दोन महिन्यांनी नामदेव ब्रेक बघून घ्यायला आला. तोंड उतरलेलं. “सोमवारी बैठक हाय तिकडं. फारकतीची. आई, मामा, सगळेच चाललो.” मी ब्रेक बघितले. मग म्हणालो, “सोमवारी मला घेऊन चल.” त्यानं का म्हणून विचारलं नाही.

सुभद्राच्या वडलांच्या बिऱ्हाडापुढे, बाभळीखाली सतरंजी टाकली होती. दोन्हीकडची पाच-सात माणसं. सुभद्रा आईच्या मागे बसलेली. बोलणी सुरू व्हायच्या आत मी पोतं सोडलं, फिल्टर काढला आणि सतरंजीवर आपटला. पिवळी भुकटी सगळ्यांसमोर सांडली.

मी काय झालं ते सगळं सांगितलं. नाक कोणी दाखवलं तेही सांगितलं, काटा बघून कोण हसलं तेही. “गाडी उधळली तेव्हा पळून जायचं बळ बी मला नव्हतं. हिनं ती घोंगडी टाकली नसती तर तुमच्यातले चार जण आज दिसले नसते.”

गयाबाईनं भुकटीला बोट लावलं, वास घेतला. “मी टाकायचे. तुम्ही म्हणलं होतं ना, हिथून श्वास घेती.”

“म्हणलं होतं, मावशी. चूक माझी हाय.”

ती रडायला लागली. रडता रडता सुनेकडे सरकली, तिचे हात हातात घेतले, तळव्यावरचे डाग बघून परत रडली. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. कुणीतरी चहा ठेवायला सांगितला. तेव्हा सुभद्रा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

“मिस्त्री, तुम्हाला कवा कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. “दुसऱ्या दिवशी,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तिचे वडील म्हणाले, “तीन महिने माझी लेक रानात बी आली न्हाई, मिस्त्री. मेंढरं बिचकत्याल म्हणून लोक तिला कळपाजवळ येऊ देत नव्हते.” ते रागानं बोलले नाहीत. मी चहा न घेता निघालो, अंबडपर्यंत चालत आलो.

त्या संध्याकाळी ती नामदेवबरोबर सासरी गेली. संसार चांगला चालला. लोक म्हणायचे, मिस्त्रीनं घर वाचवलं. मी ते ऐकून घ्यायचो.

तीन-चार वर्षांनी एकदा भोकरदनहून परत येताना केदारखेड्यात थांबलो. नामदेव गाडी चालू करून दारात उभा होता, आईला आणि लहान लेकीला दवाखान्यात न्यायचं होतं. लेक पुढच्या सीटवर बसली होती. सुभद्रा पाणी घेऊन आली. मला वाटलं, काहीतरी बोलावं, तिला मान द्यावा. म्हणालो, “सुनबाई, बघा बरं काट्याकडं. कशी वाटते गाडी?”

“मला काय कळतं त्यातलं, मिस्त्री,” ती म्हणाली. तांब्या खाली ठेवला, दार उघडलं, लेकीला उचलून कडेवर घेतलं आणि आत निघून गेली.

नामदेव म्हणाला, “अशीच करती. गाडीचं काही विचारलं का गप.” मी काटा बघितला, शून्यावर होता. इंजिनाचा आवाज बरोबर होता. तरी तिनं लेक उतरवलेली बघून मी नामदेवला गाडी बंद करायला लावली आणि खाली झोपलो. तासभर काही सापडलं नाही. मग पुढच्या उजव्या चाकाजवळ, स्टेअरिंगच्या दांडीचा सांधा हाताला लागला. नटाला अडवणारी पिन कधीच पडली होती, नट दोन आट्यांवर लटकत होता. रस्त्यात सुटला असता तर गाडी वळलीच नसती.

नामदेवनं वाकून तो नट बघितला. “कसं वळखलं हो मिस्त्री तुम्ही?”

मी उठून बसलो आणि घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, “मी न्हाई वळखलं. तिनं वळखलं.”